भुताला घसा असतो का

१ फेब्रुवारी, रविवार

शी! सगळ्यांचीच किळस आली आज. आठ महिन्यांनी आम्ही चौघं टेबलाभोवती बसलो आणि पहिल्या अर्ध्या तासातच मला उठून जावंसं वाटलं.

दादाला मीच नेलं. बेकरीवाली म्हणाली होती, "आणच त्याला. अकरा वर्षं दर रविवारी तीन वाजता बसतोय आपण. एका ऑपरेशनने मोडायचं का?" बेकरीच्या वरची तीच खोली, खालून येणारी भट्टीची ऊब, तेच डुगडुगणारं टेबल. माझ्यासमोर पुठ्ठ्याचा आडोसा, त्यामागे माझे कागद. खेळ मी चालवते — राक्षस मी, दरवान मी, वादळ मी. बाकी तिघांचं एकेक पात्र. बेकरीवालीची योद्धीण, कलमबुवाचा चोर, दादाचा म्हातारा मांत्रिक. काय करायचं ते आपण सांगायचं, जमलं की फसलं ते फासे सांगतात.

कलमबुवा विमा कंपनीत लोकांचे क्लेम तपासतो, म्हणजे नाकारतो. आमचं नियमांचं पुस्तक त्याला पानांच्या आकड्यांसकट पाठ. म्हणून हे नाव.

दादा मांडीवर पांढरी पाटी घेऊन बसला. गळ्याला रुमाल. त्या रुमालाकडे कोणी बघत नव्हतं — इतकं बघत नव्हतं की दुसरं काही बघतच नाहीयेत असं वाटावं!

त्याचा डाव आला. त्याने पाटीवर लिहिलं, "अग्निगोळा. मधल्या राक्षसावर."

"नाही होणार," कलमबुवा म्हणाला. "मंत्राला तीन गोष्टी लागतात. तोंडाने शब्द, हाताने खुणा, मुठीत साहित्य. पान नव्वद. इथे शब्दच नाहीत."

बेकरीवाली लालबुंद. "अरे काय माणूस आहेस! करू दे ना बिचाऱ्याला! आपण काय कोर्टात बसलोय?"

बिचारा! दादाच्या तोंडावर!

"मी पात्राबद्दल बोलतोय," कलमबुवा म्हणाला. "मागच्या डावात राक्षसाने त्याचा गळा आवळलाय. मास्तरीणबाईंनीच सांगितलं."

सांगितलं होतं. मीच. गळा! माझ्या राक्षसाला दुसरं काही धरता आलं नसतं? तेव्हा मात्र सगळ्यांनी दादाच्या रुमालाकडे बघितलं. मी घाईघाईने पकड सैल झाल्याचं जाहीर केलं. दादाने वीस बाजूंचा फासा टाकला — सतरा. राक्षस जळाला. बेकरीवालीने टाळ्या वाजवल्या. लहान पोर पहिल्यांदा स्वतः बूट घालतं तेव्हा वाजवतात ना, तशा.

दादाने पाटी पुसली. पुसलेलीच पुन्हा दोनदा पुसली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सातला मोरीतून तो आवाज. रोज. नळी काढणं, धुणं, खाकरणं — पण खाकरणं तोंडातून नाही, मानेतून. मी चहा गाळता गाळता रेडिओ मोठा करते.

दादा बावीस वर्षं पोहायला शिकवायचा. शिट्टी कधी वापरली नाही त्याने. "पाय मार! पाय मार!" — तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला, बाहेर रस्त्यावरही ऐकू यायचं. जूनमध्ये स्वरयंत्र काढलं. आता मानेच्या तळाशी रुपयाएवढं भोक, त्यातूनच श्वास. पाण्यात गळ्यापर्यंत गेला तर पाणी थेट फुप्फुसात. म्हणजे आवाजही गेला आणि तलावही. तलाववाल्यांनी उदार होऊन लॉकरच्या काउंटरवर बसवलंय.

मी त्याच्याकडे राहायला आले ते ऑपरेशननंतर. दोन महिन्यांसाठी आले होते.

आणि मी स्वतः दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते! दिवसभर परक्या माणसांच्या तोंडांचे ठसे हातात. कधी ठशाला जेवण चिकटलेलं असतं, कधी रक्त. धुते, प्लास्टर ओतते, पुढचा घेते. काही वाटत नाही. आणि घरी, सख्ख्या भावाचं...

मंगळवार-शुक्रवार तो क्लासला जातो. तिथे हवा गिळून ती परत वर आणायची आणि तिचा शब्द करायचा असं काहीतरी शिकवतात. काय शिकतो कोण जाणे. घरी अजून एक अक्षर नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

दादाने आज त्याचा मांत्रिक मारून टाकला. अकरा वर्षांचा मांत्रिक!

पूल मोडत होता. मांत्रिक जखमी. बेकरीवाली म्हणाली, "माझी योद्धीण त्याला औषध पाजते." दादाने लिहिलं, "नको." तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा "नको." कलमबुवाचा चोर दोर टाकायला तयार — "दोर धरत नाही." मला वाटलं गंमत करतोय. मी त्याला सुटायला तीन संधी दिल्या, नियमात एकच आहे. तिन्ही वेळा त्याने फाशाला हातच लावला नाही.

मग मला म्हणावंच लागलं — "मांत्रिक नदीत पडतो. मेला."

बेकरीवाली रडवेली. खालून तिच्याच माणसाने गरम पावांचा ट्रे आणून ठेवला, कोणी हात लावला नाही. आणि दादा? दादाने शांतपणे पाटीवर लिहिलं, "पान १८२. भूत."

पान १८२ — काम अर्धवट ठेवून मेलेलं पात्र, खेळ चालवणाऱ्याची हरकत नसेल तर, भूत होऊन परत येऊ शकतं.

"हे काय आता?" मी म्हटलं.

त्याने पुसून लिहिलं, "मेल्यावर घसा लागत नाही."

असलं लिहितात? चारचौघांत? मला इतका राग आला की मी पुठ्ठ्याचा आडोसा मिटला आणि वेळ संपली म्हणाले. पावणेचार वाजले होते!

९ फेब्रुवारी, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत पुस्तक काढून बसले. हे ज्यांनी लिहिलं ती माणसं एकमेकांना भेटली तरी होती का?

भुतांचा धडा म्हणतो : जिवंतपणी येणारे सगळे मंत्र भुतालाही येतात. बरं. मंत्रांचा धडा म्हणतो : शब्द, खुणा, साहित्य, तिन्ही हवेत. मग भुताचे शब्द कुठून येतात? भुतांच्याच धड्यात, खाली बारीक अक्षरांत — भुताला कुठलीही वस्तू उचलता येत नाही. मग अग्निगोळ्याला लागणारं चिमूटभर गंधक उचलणार कोण? त्याचा बाप? अग्निगोळा येतो, पण काडी पेटवता येत नाही, अशातली गत.

संध्याकाळी कलमबुवाचं तीन पानी टिपण आलं फोनवर. मुद्दे क्रमांकासहित. "भुताचा हात हा नियमांच्या अर्थाने हात आहे काय?" "मरताना कमरेला असलेली पिशवीही भूत होते, असे मानल्यास तिच्यातील साहित्य संपल्यावर पुन्हा भरता येणार नाही, कारण बाजारातील गंधक जिवंत आहे." बाजारातलं गंधक जिवंत आहे! या माणसाने एखाद्या विधवेचा क्लेमही असाच तपासला असेल. शिसारी आली.

पण मुद्दा बरोबर आहे, हे आणखी वाईट.

१५ फेब्रुवारी, रविवार

दोन तास भांडण. खेळ शून्य.

बेकरीवालीचं म्हणणं, "करू दे त्याला सगळं, भूत तर भूत. एवढं काय त्यात?" कलमबुवाचं म्हणणं, भूत बोलतं ते कानाला ऐकू येतं की नुसतं मनाला, हे आधी ठरलं पाहिजे. कानाला ऐकू येत असेल तर तो उच्चार. मनातच ऐकू येत असेल तर उच्चार नाही, मंत्र नाही.

"म्हणजे दुसऱ्याला ऐकू आलं तरच तो आवाज?" बेकरीवालीने विचारलं.

"नियमाने, हो."

दादा भराभर लिहीत होता, पुसत होता, पुन्हा लिहीत होता. तो लिहून पाटी वर करेपर्यंत बोलणं चार वाक्यं पुढे गेलेलं असायचं. शेवटी त्याने पाटी टेबलावर आपटली. पाटीवर एवढंच, "अंगात शिरणे. पान १८४."

भूत जिवंत माणसाच्या अंगात शिरू शकतं, हे मी विसरलेच होते. पण मग मंत्र कोणाचे? योद्धिणीला मंत्र येत नाहीत. आणि मांत्रिकाला हातपाय नाहीत. पुस्तक यावर गप्प — जिथे तोंड उघडायला हवं तिथे नेमकं गप्प! मग मीच निकाल दिला. विद्या भुताची, घसा त्या शरीराचा. हातही त्याचेच, गंधकही त्यानेच उचलायचं. भूत लिहील, शरीर बोलेल.

कलमबुवाने मान हलवली. "हे टिकेल," म्हणाला. त्याच्याकडून ही मोठीच शाबासकी.

लगेच दादा योद्धिणीच्या अंगात. त्याने लिहायचं, बेकरीवालीने मोठ्याने वाचायचं. आणि बाई काय सुटली! तिच्या त्या किनऱ्या आवाजात, "सरका बाजूला, गाढवांनो, म्हातारा आलाय!" सगळे हसले. मीही हसले.

घरी येताना मात्र वाटलं, दादाचे शब्द, आणि तोंड तिचं. ओठांना पिठी लागलेली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर दाढा घासल्या. डोक्यात तिचाच आवाज.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज लिहायलाच नको होतं. पण लिहिते.

भूत आज चोराच्या अंगात, म्हणजे वाचायची पाळी कलमबुवावर. त्याने मंत्र वाचला तो टपाल वाचावं तसा. मग स्वतःच हात वर करून म्हणाला, "हरकत. चोराने हातमोजे घातलेत, खुणा होणार नाहीत." स्वतःच्याच तोंडून निघालेल्या मंत्राला स्वतःची हरकत! मग परत भूत म्हणून वाचायला लागला, "अरे मूर्खा, मग काढ ना मोजे!" — आणि स्वतःवरच चिडला.

दादा हसला. आता त्याच्या हसण्याला आवाज नसतो. खांदे हलतात आणि मानेतून हवा सुटते, फुस् फुस् करत. हसता हसता त्याला खोकला आला, रुमाल सरकला, आणि भोकातून बेडका उडाला. थेट टेबलावर. नकाशावर, नदीच्या मधोमध.

कोणी हललं नाही. दादाचा चेहरा मी बघितला नाही. मी बघूच शकले नाही.

कलमबुवाने खिशातून घडी घातलेला स्वच्छ रुमाल काढला, नकाशा पुसला, रुमालाची परत घडी घातली आणि खिशात ठेवला. "माझाच डाव आहे ना अजून?" म्हणाला.

मी उठून संडासात गेले. नळ सोडून उभी राहिले. क्लेम नाकारणारा तो माणूस, त्याची मला अकरा वर्षं किळस — आणि आज ओकारी कोणाला आली? मला. सख्ख्या बहिणीला.

२३ फेब्रुवारी, सोमवार

दादाने पाटीवर, "काल पोट बिघडलं होतं का?"

"हो," म्हटलं. "पाव जड गेले."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

लॅबला सुट्टी. दादाचा डबा द्यायला तलावावर गेले. तो काउंटरमागे, भिंतीवर लॉकरच्या चाव्या. आतून नव्या कोचची शिट्टी. माणूस नाही, किटली आहे नुसती!

एक बाई आली, मुलीचा हात धरून. दादाला विचारलं, "नवीन बॅच कधी सुरू?" दादाने पाटी उचलली. तिचं लक्ष गळ्यावर गेलं. एकदम अर्धं पाऊल मागे — लागण होते जणू! आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही सांगा ना, यांना नको त्रास."

दादाने लिहून पाटी पुढे धरली होती. हात तसाच. ती माझ्याकडेच बघत होती.

"मी इथली नाही," मी म्हटलं. "त्यांनी लिहिलंय, वाचा. वाचता येतं ना?"

ती निघून गेली, तोंड वाकडं करून. दादाने लिहिलं, "ठमे, भांडतेस कशाला? मुलीला पोहायचं होतं."

त्या बाईचा इतका संताप आला की डबा न देताच परत निघाले, दारातून पुन्हा फिरावं लागलं. असं मागे सरकतात माणसाला बघून? लाज वाटत नाही?

१ मार्च, रविवार

जिना चढत होते तेव्हा वर कोणीतरी ढेकर दिल्यासारखा आवाज झाला, आणि हसू. दादा माझ्याआधीच आलेला. मी आत गेले तर सगळे चिडीचूप. बेकरीवाली उगाचच टेबल पुसायला लागली. माझ्याबद्दलच बोलत असणार. बोला! मी काय, आयतं गिऱ्हाईक.

खेळ आता त्या दरवाजापाशी आलाय. दोन वर्षं ज्याच्यासाठी पात्रं वणवण करतायत तो बुडलेल्या शहराचा दरवाजा. तो उघडण्याचा मंत्र एकट्या मांत्रिकाला माहीत — तेच त्याचं अर्धवट राहिलेलं काम. आणि दरवाजा ऐकतो एकाच आवाजाला, तिथल्या द्वारपालिणीच्या. हे मीच ठरवलेलं, दोन वर्षांपूर्वी, मोठी हुशार असल्यासारखं. द्वारपालीण म्हणजे मी.

दादाने लिहिलं, "भूत द्वारपालिणीच्या अंगात शिरतं."

म्हणजे वाचायची मी. त्याचे शब्द, माझा घसा.

"नाही शिरता येत," मी म्हणाले. "खेळ चालवणाऱ्याच्या पात्रात भूत शिरत नाही."

"असा नियम नाही," कलमबुवा.

"आहे."

"कुठल्या पानावर?"

"माझ्या पानावर! खेळ मी चालवते की तुम्ही?"

कलमबुवाने पुस्तक मिटलं. आजवर त्याने पुस्तक मिटलेलं मी पाहिलं नव्हतं. बेकरीवाली हळूच म्हणाली, "अगं, एवढ्या दोन ओळी तर वाचायच्यात..." दादाची पाटी कोरी, मार्करचं टोपण उघडं.

घरी येताना चौकात त्याने मला थांबवून लिहिलं, "नियम कधी केलास?"

"आत्ता," मी म्हटलं. खोटं बोलायचा कंटाळा आला होता.

३ मार्च, मंगळवार

दादा क्लासला गेलाय. घरात कोणी नाही. इथे तरी खरं लिहावं.

नोव्हेंबरमधली गोष्ट. तो क्लासहून आला, बूटही न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. डोळे चमकत होते. तोंड मिटून हवा गिळली, मान ताणली, आणि आतून कुठून तरी, पोटाच्या तळातून, आलं — "ठ... मे."

ढेकर होती ती. ओली, लांबलेली ढेकर, आणि त्यात माझं नाव.

माझ्या तोंडावर काय आलं असेल? समोर आरसा नव्हता. हातातली बशी ठेवली आणि नळ सोडला, मोठा. पाठ करून उभी राहिले. म्हटलं, "हातपाय धू, जेवायला वाढते."

त्याला वाटलं असेल मी घाईत आहे. त्याने पाहिलं नसावं. त्यानंतर घरात पुन्हा कधी प्रयत्न केला नाही, म्हणजे तेवढं एकदाच चुकून जमलं असेल. मी मध्ये एकदा म्हणालेही होते, "इतके महिने जातोस, एक शब्द येईना. ती शिकवणारीच बिनकामाची दिसते." त्याने फक्त खांदे उडवले.

पण मला काल हे सारखं आठवत होतं. काउंटरवरची ती बाई अर्धं पाऊल मागे सरकली होती. मी किती पावलं सरकले असेन?

शी! माझीच मला शी!

७ मार्च, शनिवार

दादाला सांगितलं, उद्या शिर द्वारपालिणीच्या अंगात. त्याने माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं, "नियम?"

"रद्द."

८ मार्च, रविवार

वाचलं.

आधी कलमबुवाने सगळं नीट मांडून घेतलं. विद्या मांत्रिकाची, घसा द्वारपालिणीचा, गंधक तिच्या मुठीत — चिमूट शेवटची. "तिन्ही आहेत," म्हणाला. "माझी काही हरकत नाही." हे तो जरा मऊ बोलला. किंवा मला तसं वाटलं.

दादाने लिहून पाटी माझ्याकडे सरकवली. मी वाचायला लागले. त्याने बोटाने पाटीचा कोपरा ठोकला, तिथे वेगळं लिहिलं होतं, "मोठ्याने." मी जरा मोठ्याने वाचलं. पुन्हा ठकठक. मग मी उभी राहिले आणि ओरडले, तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल असं —

"मी इथवर आलोय! माझं काम झालंय! दार उघड आणि मला बाहेर सोड!"

खाली बेकरीतलं पीठ मळायचं यंत्र कोणीतरी बंद केलं. दादाने डोळे मिटले होते. मला माझ्याच आवाजाची किळस आली. चांगला, स्वच्छ, ठणठणीत घसा. आठ महिने काय केलं मी त्याचं? "जेव", "औषध घे", "दार लाव".

फासा दादाने टाकला. बारा. पुरेसे होते. दरवाजा उघडला. बेकरीवालीने या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत, नाक पुसलं.

"काम पूर्ण झालं," कलमबुवा म्हणाला. "नियमाने भूत आता राहत नाही."

मांत्रिक संपला. अकरा वर्षं! मला वाटलं दादा उठून जाईल. त्याने पिशवीतून कोरा कागद काढला आणि नवं पात्र लिहायला घेतलं. मी डोकावले. धंद्याच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं : दवंडी पिटणारा.

"मला खिजवतोयस?" मी विचारलं.

बाकीची दोघं एकदम फासे गोळा करायला लागली.

"नाही गं," त्याने लिहिलं.

१० मार्च, मंगळवार

दादा किल्ली विसरला, म्हणून लॅबला जाताना त्याच्या क्लासवर गेले. दार लोटलेलं. आत कोणीतरी बोलत होतं. ढेकरांचा, खरखरीत, ओला आवाज, पण सलग, वाक्यामागून वाक्य. मोडता पूल, हरकत घेणारा चोर. ऐकणारी माणसं हसत होती. फटीतून पाहिलं. दादा उभा होता, दोन्ही हात हलवत. पाटी कुठेच नव्हती.

शिकवणारी बाहेर आली. मी बहीण आहे म्हटल्यावर तिने माझा दंड धरला, तोंड माझ्या कानाशी आणलं आणि एकेक शब्द सुटा करत ओरडून म्हणाली, "डिसेंबरपासून — छान — बोलतात! घरी — पाटी — का — लागते — तेही — सांगितलंय! तुम्हाला — ऐकू — येत नाही — ना!"

सगळा कॉरिडॉर वळून बघायला लागला.

"हो," मी म्हटलं. "नव्हतं येत."